हात पाठीमागे

"द्या बाबा इकडे," असे म्हणत लेकीने त्यांच्या हातातला मोबाइल काढून घेतला. एका नजरेत निरोप वाचला. "मावशी रविवारी येतेय म्हणे. झालं? घ्या." मोबाइल परत त्यांच्या तळहातावर आला. सगळ्याला चार सेकंद लागले असतील.

"अगं, पण मला निरोप नव्हता विचारायचा. ही अक्षरं जरा..."

"बाबा, मागच्याही आठवड्यात सांगितलं होतं. संध्याकाळी बघू हं, आता मला खरंच उशीर झालाय." ती चपला पायात सरकवत जिना उतरूनही गेली.

लेक वाईट नव्हती. उलट फार मायेची होती. हा मोबाइल तिनेच पहिल्या पगारातून आणून दिला होता. पण मायेबरोबर तिच्याकडे घाईही भरपूर होती, आणि घाईत केलेल्या मायेतून वडिलांच्या हाती काहीच उरत नव्हते. अक्षरे मोठी कशी करायची एवढेच त्यांना हवे होते. कितीदा विचारायचे? आपल्याच मुलीपुढे माणूस किती वेळा अडाणी ठरणार? त्यांनी मोबाइल खिशात घातला आणि दुकानाची किल्ली उचलली.

त्यांचे औषधाचे दुकान घरापासून दोन वळणांवर होते. एकोणतीस वर्षे ते त्या काउंटरमागे उभे होते. गल्लीतली पोरे त्यांना गोळीकाका म्हणत. ती पोरे बाप्ये झाली, त्यांची पोरेही गोळीकाकाच म्हणू लागली. कोणाला कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली नंतर, हे त्यांना तोंडपाठ असे. "काका डोळ्यांत तेल घालून औषध देतात," असे लोक म्हणत.

आणि डोळ्यांचेच बिघडले होते. वर्षभरापासून गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरे त्यांना मुंग्यांच्या रांगेसारखी दिसत. तिनाचा आठ होई, आठाचा तीन. त्यांनी कोणापुढे ब्र काढला नाही. डॉक्टरकडे गेलो आणि त्यांनी दुकान बंद करा म्हणून सांगितले तर? काउंटरविना आपला दिवस कसा उजाडेल, हे त्यांना सुचतच नसे. म्हणून त्यांनी स्वतःची एक युक्ती काढली होती. पाकिटे रंगाने ओळखायची. रक्तदाबाची हिरवी पट्टी पंचवीसची, निळी पन्नासची. पिवळी चौकट साखरेची. कप्पा ठरलेला, हात ठरलेला. वर्ष सरेपर्यंत असेच रेटायचे आणि मग "आता कंटाळा आला" असे सांगून कुलूप लावायचे, असे त्यांनी मनाशी ठरवले होते.

त्या गुरुवारी दुपारी टायपिंगच्या बाई आल्या. एके काळी शहराच्या या भागातली निम्मी कारकून मंडळी त्यांच्या वर्गातून टंकलेखन शिकून बाहेर पडली होती. वर्ग केव्हाच बंद झाला, पण ताठ कणा आणि बाई ही पदवी तशीच राहिली.

"नेहमीची द्या काका. रक्तदाबाची."

गोळीकाकांचा हात न बघता कप्प्याकडे गेला आणि हिरव्या पट्टीचे पाकीट काउंटरवर आले.

"थांबा हं, मला एक खोड आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला, कॅमेरा उघडून पाकिटावर धरला, दोन बोटे काचेवर टेकवून फाकवली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ही पन्नासची आहे. माझी पंचवीसची."

"छे हो, हिरवी म्हणजे..."

बाईंनी मोबाइल त्यांच्याकडे वळवला. काचेवर तळहाताएवढा आकडा होता. पन्नास! कंपनीने नव्या मालात दोन्ही पाकिटांना एकच हिरवी पट्टी दिली होती. फरक राहिला होता तो फक्त कोपऱ्यातल्या आकड्याचा, आणि तो कोपरा गोळीकाकांनी वर्षभर पाहिलाच नव्हता.

त्यांनी पाकीट झटकन मागे ओढून घेतले.

बाईंच्या मागे कापूस घ्यायला एक गृहस्थ उभे होते. बाई जरा मोठ्याने म्हणाल्या, "माझ्याच सांगण्यात गडबड झाली असेल. आधी यांना द्या, मला घाई नाही." कापूस घेऊन ते गृहस्थ गेले. मग बाईंनी स्टूल ओढले.

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

"घरी सांगितलंत?"

"घरी मोबाइलच हातात राहत नाही, डोळ्यांचं कुठे काढू? बाई, हे संपलं आता. मी आजच किल्ली ठेवतो."

"किल्लीचं नंतर बघू. पहिलं म्हणजे डोळे दाखवायचे. हा काही डोळ्यांवरचा इलाज नाही, नुसती काठी आहे. पण काठी असताना ठेचकाळत चालायचं कशाला? काढा तुमचा मोबाइल."

गोळीकाकांनी सवयीने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. बाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक गुंफले.

"मी हात लावणार नाही."

"अहो, तुम्हीच करून द्या ना चटकन. मला नाही जमत."

"माझ्या वर्गात एक नियम होता. शिकवताना बाईचे हात पाठीमागे. यंत्रावर ज्याची बोटं, विद्या त्याची. मी तुमचा मोबाइल हातात घेतला तर पुन्हा एकदा मीच शिकेन. मला येतंय की आधीच. कॅमेऱ्याचं चित्र दिसतंय? दाबा."

त्यांनी दाबले. काचेवर दोन मोठ्या नाकपुड्या आणि एक भेदरलेला डोळा उमटला.

"हे कोण?" गोळीकाका दचकले.

"हे गोळीकाका. जवळून असेच दिसता तुम्ही. खाली दोन वाकडे बाण आहेत, ते दाबा म्हणजे तोंड फिरेल."

तोंड फिरले. पाकीट दिसू लागले, पण धूसर. "इतकं जवळ नको, वीतभर लांब धरा. जिथलं वाचायचंय तिथे एकदा बोट टेकवा, म्हणजे नजर तिथे ठरेल. आता दोन बोटं टेकवून लांब करा. चिमूट उघडल्यासारखी." पहिल्यांदा बोट घसरले. दुसऱ्यांदा मोबाइलच हातातून सुटता सुटता राहिला. बाईंचे खांदे एकदा पुढे झुकले, पण हात पाठीमागेच राहिले. तिसऱ्या खेपेला चिमूट उघडली आणि अक्षरे फुगत फुगत काचभर झाली. औषधाचे नाव. आकडा. मुदतीची तारीख. वर्षभरानंतर ते पाकीट रंगाने नव्हे, अक्षरांनी वाचत होते.

"हात हलत असेल तर फोटोच काढायचा," बाई म्हणाल्या, "आणि तो मोठा करून सावकाश वाचायचा. अंधार असेल तर विजेचं चिन्ह दाबायचं. काका? लक्ष कुठे आहे?"

गोळीकाका कप्प्याकडे बघत होते. "बाई, हा डबा मी सोमवारी फोडलाय. सोमवारपासून कितीजणांना दिली असेल?"

बाई स्टुलावरून उठल्या. "बिलं संगणकावर आहेत ना? उघडा."

संगणकाच्या पडद्यावरही मुंग्यांचीच रांग होती. आजवर ते पडद्याला नाक लावून एकेक ओळ शोधत. बाई मागे उभ्या राहिल्या, हात पाठीमागे. "डाव्या कोपऱ्यातली कंट्रोलची कळ दाबून धरा. सोडू नका. आता अधिकचं चिन्ह. पुन्हा. पुन्हा एकदा." प्रत्येक दाबासरशी अक्षरे एकेक पायरी चढून वर आली. "आता कंट्रोल धरूनच एफ. चौकट उघडली? तिच्यात गोळीचं नाव घाला."

पाच नावे निघाली. चौघांनी लगेच फोन उचलला. गोळीकाकांनी प्रत्येकाला आडपडदा न ठेवता सांगितले, "पाकिटावरचा आकडा बघा, माझ्या हातून चूक झाली असेल." तिघांना पन्नासचीच लागत होती, आणि तीच मिळाली होती. चौथ्या बाईंना पंचवीसची हवी होती, पण योगायोगाने त्यांच्याकडे पंचवीसचेच पाकीट गेले होते. पाचवे नाव होते निवृत्त पोस्टमनचे. त्यांचा फोन वाजत राहिला. कोणी उचलला नाही.

गोळीकाकांनी दुकानाचे दार ओढले, बाईंना म्हणाले, "जरा बसता का?" आणि मोबाइलवर वाचून घेतलेले पंचवीसचे पाकीट मुठीत धरून निघाले. गल्लीच्या टोकाची इमारत, तिसरा मजला. एकोणतीस वर्षांत ते असे धावले नव्हते. प्रत्येक पायरीवर एकच विचार होता: या माणसाला काही झाले असेल तर?

पोस्टमनकाकांनी दार उघडले, तेव्हा त्यांच्या हातात वर्तमानपत्र होते आणि चेहऱ्यावर आश्चर्य.

"काय हो, फोन का नाही उचललात?"

"वाजला कुठे? नाती आल्या होत्या, आवाज बंद करून गेल्या. पण तुम्ही असे धापा टाकत?"

"सोमवारची गोळी. घेतलीत?"

"नाही अजून. जुन्या पाकिटात दोन उरल्यात, त्या संपल्यावर फोडणार होतो." त्यांनी खणातून कागदी पुडी काढली. ती जशीच्या तशी होती. गोळीकाकांनी आतल्या पाकिटावर मोबाइल धरला, चिमूट उघडली. पन्नास. पोस्टमनकाकांची होती पंचवीसची.

गोळीकाकांचा जीव भांड्यात पडला. ते तिथल्या खुर्चीत मटकन बसले. "मी तुम्हाला चुकीची गोळी दिली. मला दिसत नव्हतं आणि मी ते लपवलं. माफ करा."

पोस्टमनकाकांनी पाण्याचा पेला पुढे केला. "चुकीच्या पत्त्यावर गेलेलं पत्र उघडायच्या आत परत आलं ना? मग टपाल बरोबर चाललंय म्हणायचं. पण काका, पुढच्या वेळी आधी पत्ता वाचा." मग जरा पुढे सरकून त्यांनी विचारले, "ते आकडा मोठा करायचं कसं केलंत? आणि हा आवाज कुठून सुरू होतो? नाती दाखवत नाहीत, नुसतं करून देतात."

त्यांनी आपला मोबाइल पुढे केला. गोळीकाकांचा हातही आपोआप पुढे गेला. तो अर्ध्यावर थांबला आणि पाठीमागे गेला.

"तुम्हीच करा. कडेला लांबट बटण आहे बघा, त्याचं वरचं टोक दाबा."

संध्याकाळी लेक घरी आली, तेव्हा चहा तयार होता आणि बाबा टेबलाशी वाट बघत होते. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे सांगितले. रंगाने ओळखण्याची युक्ती, हिरवी पट्टी, बाईंचे पाठीमागे गुंफलेले हात, तिसरा मजला. काही लपवले नाही.

लेकीने कप खाली ठेवला. म्हणाली, "सकाळी तुम्ही अक्षरांचंच विचारत होतात."

"हो."

"मागच्या आठवड्यातही."

"हो गं. त्याच्याही आधी दोनदा."

"आणि मी निरोप वाचून दाखवला." तिचे डोळे भरून आले. "ऑफिसात नव्या माणसाला मी तासन् तास समजावते, बाबा. तिथे नाही चिडत."

"मी तरी कुठे सरळ सांगितलं? डोळे गेलेत म्हणायची मला लाज वाटली. तुझी घाई आणि माझी लाज, दोघींनी मिळून आज पोस्टमनकाकांना अडचणीत आणलं असतं."

"द्या इकडे, आत्ता मोठी..." तिचा हात पुढे आला होता. मध्येच तिला काही आठवले. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचे मनगट घट्ट पकडून ठेवले. "तुम्ही करा. सेटिंग्जचं चिन्ह, दातेरी चाकासारखं. मग डिस्प्ले. मग अक्षरांचा आकार."

अकरा मिनिटे लागली. दोनदा वाट चुकली, एकदा पडद्यावरचे सगळे रंगच बदलून गेले. चहा गार झाला. पण शेवटी मावशीचा निरोप टपोऱ्या अक्षरांत समोर आला आणि तो बाबांनी स्वतः मोठ्याने वाचला. "रविवारी येतेय. भावजी, दुकान जरा लवकर बंद करा." ही दुसरी ओळ सकाळच्या चार सेकंदांत लेकीनेही वाचली नव्हती. दोघेही खूप हसले.

दुसऱ्याच दिवशी लेक रजा घेऊन त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मोतीबिंदू होता, बरा होण्यासारखा. वर्षभर ज्याला घाबरले, तो इलाज इतका सरळ निघाला. दुकान काही दिवस बंद राहिले. दारावर लेकीने पाटी लावली होती, "काका डोळे दुरुस्त करायला गेले आहेत." आता ते पुन्हा काउंटरमागे उभे असतात. नजर स्वच्छ आहे, तरी एकही पाकीट कॅमेऱ्याखालून गेल्याशिवाय काउंटर ओलांडत नाही. काउंटरच्या कडेला एक जास्तीचे स्टूल आले आहे. त्यावर रोज कोणीतरी मोबाइल घेऊन बसलेले असते आणि गोळीकाका हात पाठीमागे बांधून सांगत असतात, "चिमूट उघडा. हं, सावकाश."

मित्रहो, आपल्या प्रत्येकाच्या घरात कोणीतरी मोबाइल पुढे करून काही विचारत असते. तो हातातून काढून घेणे सोपे असते, आणि त्याला आपण मदत म्हणतो. पण काम करून देणे वेगळे, आणि माणसाला कामाचे करणे वेगळे. त्यासाठी थोडा वेळ आणि पाठीमागे बांधलेले दोन हात पुरतात. आणि ज्याला येत नाही, त्याने विचारायला लाजू नये. न येण्यात कमीपणा नाही. लपवण्यात मात्र धोका आहे, आणि तो कित्येकदा दुसऱ्याच्याच वाट्याला जातो.

दुकान पुन्हा उघडले, त्या दिवशी टायपिंगच्या बाईंच्या मोबाइलवर एक निरोप आला. गोळीकाकांनी आयुष्यात स्वतःच्या बोटांनी लिहिलेला तो पहिलाच निरोप. लिहायला त्यांना अर्धा तास लागला होता.

"बाई, नव्या मालातली पंचवीसची आली आहे. मी स्वतः वाचली आहे. तुम्ही हात लावला नाहीत, त्याबद्दल फार आभारी आहे."