कॅसेटमधली बाई

पोराला कंप्युटर घ्यायला मी न्हाई म्हणत व्हते. पण ऋषीचा मामा पुण्यावरनं जुना घेऊन आला, अन् आमच्या मालकांचं मेहुण्यापुढं तोंड उघडत न्हाई. आला कंप्युटर घरात.

त्यात माणसं मारायचा गेम व्हता. त्यातली एक बाई मरताना अशी किंचाळायची, की माझ्या हातातलं पीठ सांडायचं. अन् ह्यो दहावीतला भाद्दर तिच्याकडं बघत शेंगा फोडायचा. मला एकच धास्ती लागली. उद्या खरंच कुणी वराडलं, तर हे पोर जागचं उठंल का? मालक म्हणायचे, खेळातलं रगात ते, तुला थोडंच धुवायला लागतंय.

त्या साली पिंपळवंडीच्या उसातनं बिबटे दारापोतर यायला लागले. फॉरेस्टवाले सांगून गेले, गोठ्यात रेडिओ लावा, माणसाच्या आवाजाला तो बिचकतो. लावला. पठ्ठ्यानं बाजारभाव ऐकत आमची कालवड नेली.

तवा ऋषीनं त्या बाईचं वराडणं कॅसेटवर भरलं, दोन्ही बाजूंनी, अन् टेप लाइटला जोडून गोठ्यात टांगला. बिबट्या फिरकला न्हाई. झालं, सगळ्या वस्तीनं कॅसेटी भरून नेल्या. दिवस मावळला की चारी बाजूंनी बाया मरायला लागायच्या. पहिल्यांदा घास उतरंना, मग उतराया लागला. शेजारची ठकूबाई तर म्हणायची, त्याबिगर आता डोळाच लागत न्हाई बया.

एकदा तिन्हीसांजंला शेळी सुटली, म्हणून मी उसाच्या कडंला गेले. बांधावर तो बसला व्हता. माझ्या तोंडातनं शब्द फुटंना, नुसती किंकाळी. त्यानं कान सुदिक हलवला न्हाई. त्यालाबी सवय झालेली. उठला अन् सावकाश माझ्याकडं निघाला.

मी वराडत मागं सरले. घर समोर दिसत व्हतं. मालक ओट्यावर चहा फुंकत व्हते. ऋषी बादलीनं बैलाला पाणी पाजत व्हता. गोठ्यात ती किंचाळत व्हती, हिकडं मी. माझी कुठली अन् तिची कुठली, माझं मलाच कळंना. दोघांपैकी कुणी मान वर केली न्हाई. बिबट्यापेक्षा मला त्याचंच लई भ्या वाटलं.

तेवढ्यात लाइट गेली. चारी बाजूंच्या बाया एकदम गप झाल्या. मी एकटीच वराडत राहिले.

मग ऋषीनं वर बघितलं. बादली बडवत धावत आला. बिबट्या उसात शिरला.

"कवापासनं ऐकत व्हतास?" मी इचारलं.

"पहिल्यापासनं," तो खाली बघत म्हणाला. "आवाज जरा येगळा वाटला आई. मला वाटलं, कॅसेट घासली."

कंप्युटर मी मामाला परत धाडला. पण कॅसेटी कुणी काढल्या न्हाईत. बिबट्या आता त्यांना भीत न्हाई, हे सगळ्यांना ठावं हाय. पण टेप बंद केला की माणसांना करमत न्हाई, जीव घाबरा व्हतो म्हणत्यात.

आता वस्तीवर कुणी वराडलं, की आमी आधी लाइट हाय का बघतो.