चादर राहू द्या

“चादर राहू द्या,” सिस्टरने त्यांच्या हातातून ती ओढूनच घेतली आणि दार सताड उघडलं.

मोठे डॉक्टर पँट-शर्टासकट तपासणीच्या टेबलावर आडवे होते, पाय दोन्हीकडच्या आधारांवर टांगलेले. लहानपणी ज्या बायकांची सुंता म्हणून मांड्यांमध्ये कापाकापी झाली, त्यांना दवाखान्यात कसं सांभाळायचं, याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. शिकवणारी सिस्टर. आधी प्रत्येकाने स्वतः टेबलावर झोपायचं, हा तिचा नियम. नर्सेसना तिने दोन-दोन मिनिटांत उठवलं होतं.

आता तिने बाहेर मान काढून हाक मारली, “या, या! असं पुन्हा बघायला मिळायचं नाही!”

कारकून आला, झाडूवाल्या मावशी आल्या. खसखस पिकली. डॉक्टर मात्र हसता हसता थांबले. ते वाक्य त्यांचंच होतं. त्यांनी गुडघे जवळ घेतले.

“दार लावा ना.”

“मी तीनदा म्हणाले होते. कळा सुरू असताना. अकरा वर्षं झाली, याच खोलीत. तुम्ही हेच म्हणत आणखी चौघांना बोलावलंत, माझं कापलेलं बघायला.”

कारकून मागच्या मागे सटकला. मावशी पदर सावरत निघून गेल्या.

“तुमचा चेहरा आठवत नाही मला,” डॉक्टर हळूच म्हणाले.

“आठवेल कसा? वर बघितलंच कुठे तुम्ही!”

तिने घड्याळ बघून त्यांना पुरी दहा मिनिटं तसंच ठेवलं. काय बरं वाटलं तिला! दुपारी खरी पेशंट येणार होती, सातवा महिना लागलेली, तशीच कापलेली. तिच्यापुढे यांनी माती खाल्ली की प्रात्यक्षिकाच्या प्रमाणपत्रावर सही करायची नाही, हे सिस्टरने केव्हाच ठरवलं होतं. जित्याची खोड, जाते कुठे?

दुपारी डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं, फक्त सिस्टरला थांबवलं. दार लावलं, कडी घातली, पुन्हा ओढून पाहिली. बाईच्या अंगावर चादर घातली आणि स्टूल तिच्या उशाशी ओढून बसले. ती रडायची थांबेपर्यंत त्यांनी हातमोज्यांना हातसुद्धा लावला नाही. सिस्टर कोपऱ्यात दातओठ खात चूक शोधत राहिली. एकही सापडेना.

जाताना त्या बाईने सिस्टरचा हात धरला.

“ताई, बाळंतपणाला हेच डॉक्टर असू देत हं. एवढं कराच.”

“बरं, हेच असतील,” सिस्टर म्हणाली. मग तिने टेबलावरचं प्रमाणपत्र ओढलं आणि कागद फाटेल इतक्या जोरात सही केली.

“घ्या. आलं तुम्हाला.”

डॉक्टरांनी कागद घेतला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

“माफीबिफी मागू नका. उद्याही टेबलावर पहिले तुम्हीच झोपायचं.”

“उद्या तर नुसता लेखी पेपर आहे ना?”

“हो,” ती चादरीची घडी घालत म्हणाली. “तरीही.”