डिकीतली वाळू

आपली गाडी वाईट चालते असं कुणीच मालक म्हणत न्हाय. महिनाभर मी ह्येच ऐकत हुते.

अण्णांनी जुनी बारकी पांढरी गाडी घेतली हुती. अण्णा म्हंजे माझे वडील, जोतिराम. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माग दुरुस्त करत्यात. मागाचा नुसता आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगतील, पण गाडीतलं त्यांना काय कळत न्हाय, आणि ते कबूल करायचं न्हाय. साठच्या वर गेली की गाडी हलकी व्हायची, रस्त्यावर पोहल्यासारखी. मी शेजारी बसायचे. अण्णांची बोटं स्टेअरिंगवर पांढरी पडायची ते मला दिसायचं.

मिस्त्रीकडं जायचं सोडून अण्णा तसलीच गाडी कुटं उभी दिसली की मालकाला गाठायचे. कारखान्यातला सोमशेखर म्हणाला, माझी नव्वदला पण हलत न्हाय. त्याच्या बंपरला तीन जागी खरचटलेलं मी बघितलं. बँकेतल्या चेतना मॅडम म्हणाल्या, माझी तर एका बोटानं वळते. त्यांची गाडी घर ते बँक एवढीच जाती. आमच्या गल्लीतले गोपाळ मास्तर म्हणाले, ह्या गाड्या मागनं हलक्या असतात, डिकीत वजन टाका, रस्त्याला बसंल. मी इचारलं, तुमी हायवेला शेवटी कवा गेला हुता? मास्तर हसले. अण्णा मला घरी आल्यावर म्हणाले, नववीतनं शाळा सोडलेल्या पोरीनं मास्तराला शिकवू नये. माझं टाळकं सरकलं. त्या दिवशी मी जेवले न्हाय.

रविवारी सृष्टीताईला आणायचं हुतं. माझी थोरली बहीण, वैरागला दिली हाय. पहिलं बाळंतपण, आईनं खाट लावून ठेवलेली. सोमवारपासनं ताईला नववा लागत हुता, आणि तिच्या सासरी नवव्यात गावची शीव ओलांडत न्हाईत. म्हंजे रविवार चुकला की ताई तितंच राहणार.

सकाळी अण्णांनी खताच्या दोन पोत्यांत वाळू भरली आणि डिकीत टाकली. मागनं गाडी खाली बसली, तोंड वर आलं. मी म्हणलं, पुढची चाकं हलकी झाली की वळणार कशी? अण्णांनी डिकी आपटून लावली.

वडाळा सोडल्यावर उसाचा ट्रॅक्टर लागला, मागं दोन ट्रॉल्या. त्याला मागं टाकायला अण्णांनी गाडी उजवीकडं काढली. समोरनं टेम्पो आला म्हणून डावीकडं घ्यायला स्टेअरिंग फिरवलं, तर गाडी ऐकंना. सरळच चालली. अण्णांनी आणखी फिरवलं, मग ती एकदम वळली आणि ट्रॅक्टरच्या पुढनं जाऊन रस्त्याखाली मातीत उतरली. टेम्पोवाला शिव्या देत गेला. ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक मारला म्हणून आमी राहिलो.

अण्णांनी बाटलीतलं पाणी पिलं. निम्मं शर्टावर सांडलं. म्हणाले, वारं लई हाय. ट्रॅक्टरच्या नळीतला धूर सरळ वर चालला हुता. मी म्हणलं वाळू काढू. म्हणाले, गप बस.

वैरागला ताईची सासू दारात उभीच हुती. गाडीभवती एक फेरी मारून तिनं इचारलं, कशी चालते? अण्णा म्हणाले, "लोण्यावानी, विहीणबाई."

ताई बाहेर आली ती दाजींच्या चपला घालून. तिचे पाय मी बघितले. घोट्याचं हाड दिसत न्हवतं, आणि दाजींच्या चपलेचा पट्टा पण रुतला हुता. दाजी पुण्याला कंपनीत. ताई माझ्याकडं बघून हसली आणि पिशवी घेऊन गाडीपाशी आली.

तेवढ्यात ताईच्या दिरानं ज्वारीची दोन पोती आणली. ओटीची ज्वारी. ती दिल्याबिगर ह्या घरातनं पोटुशी सून माहेरला पाठवत न्हाईत. त्यानं ती वाळूवरच टाकली. गाडी मागनं पार बसली. अण्णा नुसते बघत उभे. आता बोलतील, आता बोलतील म्हणून मी थांबले. ते रुमालानं आरसा पुसायला लागले.

मग मला सोसलं न्हाय. मी डिकी उघडली आणि वरचं पोतं ओढलं. ते फाटलं, ज्वारी अंगणभर झाली. ओटीची ज्वारी. दारातल्या बायकांनी तोंडाला पदर लावला.

"ह्यात तिला बसवू नका," मी म्हणलं. "येताना आमी ट्रॅक्टरखाली जात हुतो."

सासूनं अण्णांकडं बघितलं. खरं का म्हणून इचारलं. अण्णा म्हणाले, पोर हाय, कायबी बोलती. सासूनं वाकून डिकीतली वाळू बघितली. लई येळ बघितली. मग ताईच्या हातातली पिशवी घेतली आणि आत गेली. ताई रडली न्हाय. तिनं मला एवढंच म्हणलं, "माये, अंगणात कशाला गं? मला आत येऊन सांगायचंस की."

ज्वारी दिरानं उतरवून घेतली. आमी निघालो. गावाबाहेर अण्णांनी गाडी थांबवली, मी खाली उतरून दोनी पोती वाळू रस्त्याकडंला ओतली. अण्णा पुढं बघत बसले हुते. तितनं पुढं गाडी मगासारखी न्हवती. थोडी ओढत हुती, पण सांगंल तितं वळत हुती. ते दोघांनाबी कळत हुतं.

पाचसा किलोमीटर गेल्यावर मी म्हणलं, "ताईचे पाय बघितले का तुमी?"

न्हवते बघितले. मी चपलेचं सांगितलं, पट्टा रुतल्याचं सांगितलं. गल्लीतल्या ऋतुजावैनीचे पोटुशी असताना असेच सुजले हुते, मग डोकं दुखायला लागलं, आणि तिला रातोरात सिव्हिलला न्यायला लागलं हुतं, ते अण्णांना ठाऊक हुतं. त्यांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच ठेवून बसले. मग मागं एकदा बघितलं आणि गाडी वळवली.

अंगणात सासू सुपानं ज्वारी गोळा करत हुती. ताई खांबाला टेकून बसलेली. अण्णा उतरले. पायातल्या चपला काढून ठेवल्या, कशाला ते त्यांनाच ठाऊक. दीर हुता, शेजारच्या बायका अजून गेल्या न्हवत्या.

"पोरगी खरं बोलली," अण्णा म्हणाले. "मला गाडीतलं कळत न्हाय. वाळू मीच टाकली हुती. आज मरत हुतो आमी."

सासूचा हात सुपावर थांबला.

"गाडी नको म्हणत असाल तर यष्टीनं नेतो. पण विहीणबाई, तिचे पाय बघा. तिला आजच दवाखान्यात दाखवायला पायजे."

सासूनं ताईला पाय पुढं घ्यायला सांगितलं. अंगठ्यानं घोट्यावर दाबलं. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. ती त्या खळग्याकडं बघत राहिली, मग पदरानं हात पुसत उठली.

"यष्टी नको, लई आदळती," ती म्हणाली. "मी बसती मागं तिच्याजवळ. चाळीसच्या वर न्यायची न्हाय."

अण्णा व्हय म्हणाले. सासू पिशवी आणायला आत गेली.

मी ताईला उठवायला हात दिला. तिचा हात थंडगार हुता आणि डोकं लई दुखायलंय म्हणाली, सकाळपासनं. हे तिनं कुणालाच सांगितलं न्हवतं.