पुलावर दिलेलं उत्तर

पाळकीणबाई सकाळी घोड्याला चारा घालायला गेल्या, तर तबेल्यातल्या गवतात माणूस. त्या ओरडल्या नाहीत. त्याला पाहिलं, ओळखलं, दार ओढून घेतलं आणि घरात येऊन नवऱ्याला, गावच्या ख्रिस्ती पाळकाला, म्हणाल्या, “अहो, दाढी राहू द्या. मळेवाल्यांचा लोहार आपल्या तबेल्यात आहे. पाय सोलवटून निघालेत बिचाऱ्याचे.”

पाळकाच्या एका गालावर साबण तसाच राहिला.

लोहार मळेवाल्याचा म्हणजे खरोखरच मळेवाल्याचा होता. नांगर, घोडे आणि भट्टी जशी त्याची, तसाच हाही. त्या मुलखात तेव्हा माणसं विकत मिळत. पळालेल्याला कायदा धरीच, पण लपवणाऱ्यालाही सोडत नसे. नदीपलीकडचं राज्य निराळं. तिथे गुलामगिरी बंद झाली होती. मळेवाल्याने लोहाराला खाणमालकाला विकायचं ठरवलं होतं, आणि खाणीतून म्हातारा होऊन कुणी परत आल्याचं कधी ऐकिवात नव्हतं.

बाईंनी परातीत कोमट पाणी आणलं आणि लोहाराचे पाय धुवायला बसल्या. तो संकोचून पाय आखडून घेऊ लागला तशा म्हणाल्या, “गप बस रे. खडा आत राहिला तर पाय कुजेल.”

पाळक पवित्र शास्त्र घेऊन आला. माणूस मनाने मऊ, पण कुठल्याही अडचणीत आधी पुस्तक उघडायची सवय. दर रविवारी दुपारी मागच्या बाकांवर बसलेल्या गुलामांना तो सांगे की धन्याच्या आज्ञेत राहा, धन्याची सेवा ती देवाचीच सेवा. त्यात लबाडी नव्हती. त्याच्या स्वतःच्या गुरूने त्याला हेच शिकवलं होतं.

“हे बघ,” तो लोहाराशेजारी टेकत म्हणाला, “असाच एक दास पळाला होता. तुरुंगात असलेल्या प्रेषिताकडे गेला. प्रेषिताने त्याला पोटच्या पोरासारखं जवळ केलं आणि धन्याकडे परत पाठवलं, सोबत चिठ्ठी देऊन. याला आता दास नको म्हणू, भाऊ म्हणून घरात घे, असं लिहिलं.”

लोहाराने मन लावून ऐकलं. “मग घेतलं का त्याला भाऊ म्हणून?”

पाळकाने पान उलटलं. तिथे दुसऱ्याच लोकांना लिहिलेलं पत्र सुरू होत होतं. “ते... लिहिलेलं नाही.”

“म्हणजे तुम्हालाही माहीत नाही.”

“नाही. पण मळेवाले देवभीरू आहेत. मी स्वतः जाऊन बोलतो.”

“बोला की,” बाई म्हणाल्या. “पण हा इथे आहे ते सांगायचं नाही.”

“मी खोटं बोलणार नाही.”

“खोटं बोला कोण म्हणतंय? गप्प बसायला काय धाड भरलीय?”

मळेवाल्याने पाळकाला ओसरीवर खुर्ची दिली, पाठीला उशी दिली. प्रार्थनामंदिराचं छप्पर यानेच घालून दिलं होतं. उपदेश ऐकताना याचे डोळे खरोखर भरून येत. पाळकाने आडून आडून विषय काढला. लोहार सापडलाच, तर त्याला क्षमा करता येईल का? तोही ख्रिस्तात आपला भाऊच ना?

“भाऊ तर आहेच,” मळेवाला म्हणाला. “स्वर्गात आम्ही एका पंक्तीला बसू. पण इथली घडी देवानेच घालून दिलीय, तुम्हीच तर सांगता. आणि खरं सांगू, पाळकसाहेब? तुमचे फार उपकार आहेत. आमचा मुकादम म्हणतो, तुमचा एक रविवार झाला की आठवडाभर चाबूक खुंटीवरून काढावा लागत नाही.”

तो मनापासून कौतुक करत होता. पाळकाला मात्र कुणी तोंडात मारल्यासारखं झालं.

“आता सापडला की बेडी घालूनच खाणीवर पाठवतो,” मळेवाला हसून पुढे म्हणाला. “बेड्याही त्यानेच घडवलेल्या आहेत, बरं का. पक्क्या असणार.”

घरी येऊन पाळक पायरीवरच बसला. बाई बाहेर आल्या. काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही. चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं.

“अगं, इतकी वर्षं मी त्यांचा चाबूक होतो,” तो म्हणाला.

बाईंना त्याला धीर द्यावासा वाटला, पण ‘तसं नाही हो’ असं म्हणवेना. त्या त्याच्याजवळ टेकल्या. मग म्हणाल्या, “नदीवरचा पूल उघडा आहे. लोहाराला घेऊन भर दुपारी जा. पाळकामागे पेटी घेऊन चाललेल्या गड्याकडे कोण बघतंय?”

तसंच केलं. पाळक पुढे, लोहार चार पावलं मागे, डोक्यावर पुस्तकांची पेटी, पायांत पाळकाचे जुने बूट. पुलाच्या तोंडाशी पहारेकरी सावलीला बसला होता. पाळकाला बघून तो उठला, टोपी काढली, आणि लोहाराकडे हनुवटी उडवून सहज विचारलं, “हा कुणाचा?”

खोटं पाळकाने जन्मात सांगितलं नव्हतं, आणि हे खोटं असं की ते सांगताना आपणही मळेवाल्याच्या शेजारी जाऊन बसतोय असं त्याला वाटलं.

“माझा,” पाळक म्हणाला.

“जा, जा. माझ्या पोरीसाठी प्रार्थना करा, साहेब. ताप उतरत नाही तिचा.”

पाळकाने तिथेच, उन्हात उभं राहून त्या मुलीसाठी प्रार्थना केली. आवाज कापत होता. पहारेकऱ्याला ती भक्ती वाटली.

पलीकडे रस्ता वळला तशी लोहाराने पेटी खाली ठेवली. “माझा म्हणालात ना, तेव्हा अंगावर काटा आला माझ्या.”

“माझ्याही.”

“पण म्हणालात ते बरं झालं.” लोहार हसला. आजवर पाळकाने त्याला हसताना पाहिलं नव्हतं. “पेटी आता तुम्हालाच वाहावी लागणार. जड आहे हो, पुस्तकं कमी करा जरा.”

आणि तो गेला, बूट थोडे लागत असल्यासारखा लंगडत, पण मागे न बघता.

पुढच्या रविवारी पाळक उपदेशाला उभा राहिला. पुढच्या बाकांवर धनी होते, मागच्यांवर गुलाम. त्याने आज्ञाधारकपणाचं वचन काढलं नाही. परक्या देशात विटा भाजणाऱ्या गुलामांची गोष्ट काढली. त्यांचा आक्रोश देवाने कसा ऐकला, त्यांना राबवणाऱ्या राजाला काय बजावलं, त्यांना वाट द्यायला समुद्र कसा दुभंगला. ही गोष्ट मागच्या बाकांना त्याने कधीच सांगितली नव्हती. मग म्हणाला, “लोहाराला मी पार पोहोचवलं. ज्यांना शिक्षा करायची असेल त्यांनी मला करावी.”

मळेवाला उठून गेला. त्याच्यामागे पुढची बाकं रिकामी झाली. मागच्या बाकांवर कुणी हललं नाही. एक म्हातारी तेवढी तोंडाला पदर लावून रडत होती.

तुरुंग टळला, कारण पाळकाला बेड्या ठोकणं मंडळीच्या अब्रूला शोभलं नसतं. नोकरी आणि घर मात्र गेलं. बाईंच्या बहिणीने गावाबाहेरच्या दोन खोल्या दिल्या. सामान हलवायच्या दिवशी गाडी मिळेना. कोण देणार? बाई कंबर कसून म्हणाल्या, “हात आहेत की आपल्याला.” एवढ्यात मागच्या बाकांवरची माणसं आली. सुट्टीचा दिवस त्यांचा, वर्षातून मोजकेच मिळत. कुणी पलंग उचलला, कुणी भांडी. ती रडणारी म्हातारी न्हाणीतलं घंगाळ काखेत मारून निघाली.

पाळक तिच्या मागून चालू लागला. तिला हाक मारायला त्याने तोंड उघडलं आणि तो थबकला. तिचा बाप्तिस्मा त्यानेच केला होता. धन्याने सुचवलेलं नाव त्यानेच तिच्या डोक्यावर पाण्याबरोबर ओतलं होतं.

“आजी, तुमच्या आईने तुम्हाला काय नाव ठेवलं होतं?” त्याने विचारलं. तिला तुम्ही म्हटलेलं त्याचं त्यालाच नवीन होतं.

म्हातारीने मान वळवून त्याच्याकडे रोखून पाहिलं. खरंच विचारतोय की काय, हे ती पारखत असावी. मग तिने नाव सांगितलं. भाषा निराळी, त्यामुळे पाळकाला ते पहिल्यांदा नीट म्हणता आलं नाही.

“तसं नव्हे,” ती म्हणाली, आणि घंगाळ दुसऱ्या काखेत घेऊन तिने ते पुन्हा, सावकाश, सांगितलं.