शंभरावी धाव

समर्थला मावळात 'नव्वद शेठ' म्हणत. तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत जिथं जिथं लेदर बॉलच्या मॅच होत, तिथं हे नाव त्याच्या आधी पोचलेलं असे. चार मोसमांत तो पाच वेळा नव्वदीत आऊट झाला होता. साठ-सत्तरपर्यंत त्याचा खेळ बघत राहावा असा. कव्हरमधून बॉल निघाला की फिल्डर नुसती मान वळवून बघत. पण बोर्डावर नव्वद लागले की तोच माणूस बॅट अशी आवळून धरी, जणू कुणी हिसकावून नेणार आहे. ओठ सुकत, पाय जमिनीत रुतत, आणि सोडून द्यायच्या बॉलला तो हटकून जाऊन शिवे.

त्याचे वडील महिपती आबा देहूरोडच्या लष्करी डेपोत नोकरीला होते. तरुणपणी डेपोच्या टीमकडून त्यांनी एकदा सेंच्युरी ठोकली होती, आणि त्या एका सेंच्युरीवर त्यांनी उरलेलं सगळं आयुष्य काढलं होतं. आंदर मावळातल्या त्यांच्या गावात ती न ऐकलेला माणूस सापडणं अवघड. समर्थ कंपनीत शिफ्टा करायचा, घर चालवायचा, आबांची गुडघ्यांची औषधं आणायचा. पण आल्यागेल्या पाव्हण्याला आबा सांगायचे, "आमच्या ह्याला शंभर मोजता येत न्हाई. नव्व्याण्णवलाच शाळा सुटली त्याची." पाव्हणे हसायचे. समर्थही हसायचा, कारण दुसरं काय करणार?

डिसेंबरात कुसगावच्या मैदानावर स्पर्धेची फायनल होती. सकाळी समर्थ गाडी काढत होता तेव्हा आबा टोपी घालून बाहेर आले.

"मीबी येतो."

"तुमी कशाला आबा? गुडघा दुखंल."

"दुखू दे. आन ऐक, आज शंभर केल्याबिगर घरात पाऊल टाकायचं न्हाई. लय ऐकून घेतलं तुझ्यापायी."

समर्थ लोणावळ्याच्या टीमकडून खेळायचा; समोर तळेगावची टीम होती. तिचा कॅप्टन अर्णव पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये होता. हसतमुख पोरगा, तोंडात कधी शिवी नाही, सगळ्यांना अहो-जाहो करणारा. त्याच्या टीमनं पहिली बॅटिंग करून मोठा स्कोअर उभा केला होता.

समर्थ ओपनिंगला गेला आणि तासाभरात लोणावळ्याची माणसं उठून उभी राहिली. असा खेळ त्याचा त्यालाही आठवत नव्हता. बॉल हातातून सुटतानाच कुठं पडणार ते त्याला दिसत होतं. सहा ओव्हर उरल्या तेव्हा बावन्न रन हवे होते, पाच विकेट हातात होत्या, आणि समर्थ नव्वदवर होता.

आणि तिथं तो थांबला.

पहिली ओव्हर त्यानं नुसती अडवली. दुसरीत दोन रन मिळाले. बाहेरून त्याचा कॅप्टन केशव ओरडत होता, "समर्थ, मॅच बघ! मॅच!" समर्थला ते ऐकू येत होतं, पण ते दुसऱ्या कुणाला तरी सांगतायत असं वाटत होतं. समोरचे बॅट्समन त्याच्या वाटचेही फटके मारायला जाऊन एकेक करून आऊट झाले. एकाला तर त्यानं अर्ध्या पिचवरून परत पाठवून रनआऊट केलं. जाताना तो समर्थच्या जवळून गेला आणि हळूच म्हणाला, "खा. एकटाच खा."

शेवटची ओव्हर उरली तेव्हा चाळीस रन हवे होते. म्हणजे मॅच गेल्यात जमा होती. शेवटची जोडी खेळत होती. समोर निलेश, स्ट्राइकवर समर्थ, नव्व्याण्णववर.

अर्णवनं बॉल स्वतःच्या हातात घेतला. एकदा बोर्डाकडं बघितलं, एकदा समर्थकडं.

"बसा रे सगळे," तो फिल्डरांना म्हणाला. "खाली बसा. दादांना एक रन हवाय."

आधी कुणाला कळलं नाही. मग मिडऑनचा बाजीराव मांडी घालून खाली बसला आणि गवत उपटायला लागला. त्याचं बघून बाकीचेही बसले. एक जण तर आडवाच झाला. कडेनं हशा उठला. तो लोणावळ्याच्या तंबूतूनही येत होता, हे समर्थला नीट ऐकू आलं.

"सर, हे काय चाललंय?" त्यानं अंपायरला विचारलं.

"फिल्डरनी बसू नये असा नियम नाही," अंपायर म्हणाले. त्यांनाही हसू आवरत नव्हतं.

"घ्या हो दादा," अर्णव गोड आवाजात म्हणाला. "आमच्याकडून भेट."

त्यानं लहान मुलाला टाकावा तसा बॉल टाकला. समर्थनं सवयीनं पाय पुढं टाकून तो अडवला. बॉल पायापाशीच पडला. मैदान खदखदून हसलं. दुसऱ्या बॉलला त्यानं जीव खाऊन बॅट फिरवली. बॉल इतका हळू होता की तो पोचायच्या आत बॅट फिरून गेली होती. विकेटकीपर तर हसून हसून गुडघ्यावर आला. कुणीतरी शिट्टी मारली. कडेची माणसं मोबाइल वर धरून पुढं सरकली.

तिसरा बॉल त्यानं मारला. नीट, बॅटच्या मधोमध बसला, आणि सरळ बाजीरावाकडं गेला. बाजीरावानं कॅच घ्यायला नव्हे, तोंड वाचवायला हात वर केले. बॉल हातात अडकला. दोन क्षण बाजीरावालाच कळेना काय झालं. मग तो बसल्या बसल्या ओरडला, "आरं, आऊट हाय की!"

अंपायरनी बोट वर केलं. मॅच संपली. समर्थ चालायला लागला. बाउंड्रीच्या दोरीपाशी आला तेव्हा मागून अर्णवची हाक आली.

"दादा, परत या! आम्ही अपील मागं घेतोय. असं कसं जाऊ देऊ तुम्हाला!"

समर्थ थांबला. दोरीपलीकडं खुर्चीत आबा बसले होते. गुडघ्यावर हात, नजर त्याच्यावर. चेहऱ्यावर काही नाही. दोरी ओलांडली असती तर नियमानं परत येता आलं नसतं, तिथंच सगळं संपलं असतं. पण समर्थच्या डोक्यात एकच गोष्ट आली, की बोर्डावर आकडा लिहितात, तो कसा आला ते लिहीत नाहीत. उद्या बघणाऱ्याला शंभरच दिसतील.

तो वळला.

त्याला परत येताना बघून हसणाऱ्यांतल्या काहींनी मोबाइल खाली घेतले. निलेशनं मान खाली घातली. अर्णवनं मात्र टाळ्या वाजवल्या. पुढच्या बॉलला समर्थनं नुसती बॅट लावली, बॉल चार पावलं गेला, कुणी उठलं नाही, आणि समर्थ रन पळाला. जिवाच्या आकांतानं पळाला, जसा काही थ्रो येणार होता. मग तळेगावच्या पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि "नव्वद शेठ शंभर!" म्हणत मैदानाला फेरी मारली. पुढच्या दोन बॉलांची कुणाला आठवणही राहिली नाही. बक्षीस समारंभात एकमेव सेंच्युरीची ट्रॉफी त्याला अर्णवच्याच हस्ते मिळाली. दोघांचा फोटो निघाला.

परतीच्या वाटेवर आबा गाडीवर मागं एक शब्द बोलले नाहीत. कान्हे फाटा गेला, आंदर मावळाचा रस्ता लागला, तरी नाही. समर्थलाच राहवेना.

"आबा, दुखतंय का गुडघा?"

आबांनी टोपी पुढं ओढून घेतली.

घरापाशी गाडी लागली तर समर्थची आई लीलाबाई दारात ताट घेऊन उभ्या. शेजारच्या कोमलच्या मोबाइलवर व्हिडिओ त्यांच्या आधी गावात पोचला होता. लीलाबाईंना त्यातलं एवढंच कळलं होतं, की लेकानं शंभर केले आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. त्यांनी निरांजन पेटवलं होतं, हळद-कुंकू काढलं होतं, आणि डोळे भरून आले होते.

"थांब," आबा म्हणाले. "भीक मागून आलेल्याला ववाळत न्हाईत."

लीलाबाईंचा हात तसाच राहिला. शेजारी दारात येऊन उभे होते.

"तुमीच म्हणलावता आबा," समर्थचा आवाज फुटला, "शंभर केल्याबिगर घरात पाऊल टाकू नको म्हणून."

"कर म्हणलो व्हतो. आण म्हणलो न्हवतो."

आबा काठी टेकत आत गेले. लीलाबाई एकदा नवऱ्याच्या पाठीकडं, एकदा लेकाकडं बघत राहिल्या. मग त्यांनी पदर आडवा धरून निरांजन विझवलं, कुणी पाहू नये अशा बेतानं, आणि म्हणाल्या, "हातपाय धू. जेवायला बस."

पुढच्या मोसमात समर्थ खेळायला आला तेव्हा सगळ्यांनाच नवल वाटलं. त्यानं केशवला बाजूला घेतलं आणि सातव्या नंबरवर खेळव म्हणाला. केशवनं कारण विचारलं नाही. सातव्या नंबरचा बॅट्समन येतो तेव्हा पाच-सहा ओव्हर राहिलेल्या असतात. पंचवीस-तीस झाले तरी लोक टाळ्या वाजवतात. समर्थ तिथं चांगला खेळतो. मोकळा खेळतो, जवळच्या फिल्डरांशी हसतबोलत खेळतो, आणि बोर्डाकडं एकदाही बघत नाही.