अंगावरचं हिरवं

"धुवायला सांगणारे तुम्हीच, आणि आता फार स्वच्छ झाली म्हणून नाक मुरडणारेही तुम्हीच! लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला?"

एनिड फोनवर कडाडली आणि हातातलं ओलं फडकं तिने असं पिळलं, की जणू पलीकडच्या माणसाची मानच हाताला लागली होती.

पलीकडचा साहेब राजधानीतल्या कार्यालयात बसला होता. धुवायच्या सूचना देणारे अधिकारी वेगळे, ते बदलून गेले, असं त्याचं म्हणणं. हे एक बरं असतं या लोकांचं. हुकूम देणारा बदलून जातो. पाळणारा मात्र तिथेच राहतो आणि बोलणी खातो.

"मी पाहणीला आलो तेव्हाच सांगितलं होतं, मिस एनिड. जंगलातला आळशी हिरवा असतो. अंगावर शेवाळ, केसांत पतंग. तुमची ही काथ्यासारखी पिंगट. पानांत लपणार कशी? गरुड पहिल्याच दिवशी उचलेल. सोडायची परवानगी मी देऊ शकत नाही. पावसाचा जोर ओसरला की गाडी पाठवतो. इथे पिंजऱ्यात राहील, खायला-प्यायला मिळेल."

"जन्मभर?"

"खायला-प्यायला मिळेल," साहेब पुन्हा म्हणाला.

मागच्या अंगणात नीरफणसाच्या फांदीला गिझाडा उलटी लटकली होती. आपल्यावरून एवढं रामायण चाललंय, याची तिला गंधवार्ता नव्हती. पुस्तकात तिला स्लॉथ म्हणत असतील; लिमोनच्या किनाऱ्यावर सगळे आळशीच म्हणतात. विजेच्या तारेखाली मरून पडलेल्या आईच्या पोटाला हे पिल्लू चिकटलेलं होतं. एनिडने सोडवून घरी आणलं आणि खोबऱ्याच्या गोल वडीवरून, गिझाडावरून, तिचं नाव ठेवलं. तेव्हाचा साहेब म्हणाला होता, केसांत किडे आहेत, रोग पसरेल, धुऊन काढा. एनिडला हे सांगायचीही गरज नव्हती. तिची सगळी मुलं दर शनिवारी निळ्या साबणाने घासून निघालेली. माया करायची म्हणजे कानामागे मळ राहू द्यायचा नाही, एवढं तिला पक्कं कळत होतं.

कुंपणापलीकडे सेल्विन कोकोच्या शेंगा फोडत बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"एवढी घासलीस तिला, एनिड, की रविवारी चर्चमध्ये नेली असतीस तर पाद्र्याने पुढच्या बाकावर बसवली असती."

"दात काढू नकोस. पतंग आले की शेवाळही धरेल. पतंग कुठून आणू ते सांग."

"माझ्या बागेतला म्हातारा आळशी आहे ना! झाडावरून उतरतो, शेपटीने खड्डा करतो, आपलं काम उरकतो. त्याचे पतंग त्याच घाणीत अंडी घालतात. हवीय का ती मिठाई? ताट घेऊन ये, वाढतो."

तो चेष्टा करत होता. एनिड खरंच ताट घेऊन आली.

दोन वेळा झाडल्याशिवाय जिच्या अंगणाचा दिवस सरत नव्हता, त्या बाईने हात लांब धरून, श्वास रोखून ते ताट रस्त्यावरून घरी नेलं. मागून सेल्विन ओरडला, "झाकण ठेव गं वर, माश्या बसतील!"

घाण तिने नीरफणसाच्या बुंध्याशी पसरली, वर पाला टाकला. त्या शनिवारी हात आपसूक साबणाकडे गेले. त्याच साबणाने तिने पायऱ्या घासल्या. पायऱ्या संपल्यावर सेल्विनचं फाटक घासलं.

"माझ्या घरी लग्न ठरवलंयस की काय?" तो म्हणाला.

पाऊस लागून राहिला. गिझाडा भिजली, सुकली, पुन्हा भिजली. तिच्या अंगाला दमट पोत्याचा वास यायला लागला. अंगण ओलांडून जाणाऱ्या बायका नाकाला पदर लावावा तसा डोक्याचा रुमाल लावायच्या आणि एनिड त्यांच्याकडे डोळे वटारून पाहायची. मग एके दुपारी गिझाडाने सावकाश पाठ खाजवली आणि तिच्या केसांतून एक बारका तपकिरी पतंग वर आला. केसांवरून तुरुतुरु धावला आणि पुन्हा आत बुडाला. घरात किडा दिसला की चप्पल उचलणारी एनिड जागची हलली नाही.

त्यानंतर कधीतरी अंगावर हिरवं उगवलं. केसांच्या भेगांत उरलंसुरलं काही असेल, साबणालाही न सापडलेलं. आधी खांद्याशी, मग पाठभर. एनिडने बोट फिरवलं. बोटाला लागलेला डाग पुसायला तिने एप्रनचं टोक धरलं, आणि सोडून दिलं.

नीरफणसाची एक फांदी कुंपणावरून सेल्विनच्या बागेतल्या उंच झाडांना जाऊन भिडायची. गिझाडा पलीकडे जाऊ नये म्हणून तो ती दर वर्षी छाटायचा. यंदाही कोयता घेऊन आला.

"छाटू?"

एनिड तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"राहू दे."

"साहेबाची सही व्हायचीय अजून."

"फांदीला वाचता येत नाही."

सेल्विनने तिच्याकडे पाहिलं. तिच्या हातातल्या शेंगेतले दाणे जमिनीवर पडत होते आणि तिला ते कळत नव्हतं. त्याने कोयता काखेत घातला आणि गेला.

गाडी आली ती लख्ख उन्हात. साहेब, ड्रायव्हर आणि मागे रिकामा पिंजरा.

"कुठे आहे?"

"गेली," एनिडने कुंपणापलीकडे हात केला. "काल. या झाडांपलीकडे अजून पोचली नसेल."

"परवानगीशिवाय? कारवाई होईल तुमच्यावर."

"होऊ द्या. आधी शोधा."

साहेबाने दुर्बीण डोळ्यांना लावली. एका झाडाखाली उभा राहिला, मग दुसऱ्या. ड्रायव्हर दोनदा "ती बघा!" म्हणाला, एकदा फांदीवरचं वाळवीचं घर निघालं, एकदा नुसताच पाला. सेल्विन उलट्या टोपलीवर बसून बघत होता. एनिड पहाट फुटल्यापासून त्याच झाडांखाली उभी होती. तिलाही गिझाडा सापडली नव्हती. हे तिने अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

साहेबाने दुर्बीण खाली घेतली, मान चोळली.

"थांबलात का?" एनिड त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "ऊन आहे, दुर्बीण आहे, आणि ती काही पळत नाही. पानांत लपणार कशी, असं म्हणाला होतात ना? तेव्हा नीट बघा आणि मला तोंडाने सांगा. दिसते का तुम्हाला? हो की नाही?"