हरकत क्रमांक चौदा

हरकतींच्या गठ्ठ्यातला चौदावा अर्ज उघडला आणि आरेखक चक्रावलाच. खाली सही त्याच्या सख्ख्या थोरल्या बहिणीची!

नगरपालिकेत नकाशे काढण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. निवडणुकीसाठी प्रभागांच्या नव्या हद्दी त्यानेच आखल्या होत्या, अगदी नियमाला धरून. प्रत्येक प्रभागात माणसं जवळपास सारखी हवीत, हद्द रस्त्यावरून किंवा नाल्यावरून जावी, आणि एकसंध वस्ती तोडू नये. ताईच्या घरामागे नाला होता, म्हणून त्याने नाल्यावरून रेघ ओढली. ताई सात नंबरात राहिली, पलीकडची घरं आठात गेली. ताईने लिहिलं होतं, ‘आमची वस्ती एक आहे. ती तोडली आहे.’

कचेरी सुटल्यावर त्याने थेट तिचं घर गाठलं.

“अगं, मला नुसतं सांगायचंस ना! अर्ज कशाला?”

“तुला सांगितलं असतं तर तो वशिला झाला असता,” शिवणयंत्रावरून मान न उचलता ताई म्हणाली. “आणि नाला कुठाय, दाखव बरं मला.”

तिने मागचं दार उघडलं. नाला नव्हताच. त्यावर केव्हाच स्लॅब टाकला होता, वर बाकडी होती, दोन्हीकडच्या घरांचे कपडे एकाच दोरीवर वाळत होते. इतकी वर्षं हा पुढच्या दाराने यायचा, चहा प्यायचा आणि जायचा.

त्याचं डोकंच चालेना. नकाशात नाला होता, नियमही होता, आणि ताईचंही खरं होतं. रेघ बदलावी तर लोक म्हणणार, बहिणीसाठी बदलली. तशीच ठेवावी तर चूक पदरात.

दुसऱ्या दिवशी तो मुख्याधिकारी बाईंसमोर उभा राहिला. “मॅडम, चौदा नंबरची हरकत माझ्या बहिणीची आहे. मला यातून वगळा.”

“हरकत बरोबर आहे का?”

“बरोबर आहे. तोच तर घोळ आहे.”

बाईंनी दुसऱ्या अभियंत्याला जागेवर पाठवलं. सुनावणी झाली, निकाल लागला. वस्ती एकत्र राहणार होती. पण सगळी सातात घेतली तर तिथली माणसं मर्यादेबाहेर जात होती. म्हणून ताईकडच्या तीन गल्ल्याच आठात टाकल्या.

ताईने कागद दोनदा वाचला. सात नंबरच्या नगरसेविकेच्या मागे चार वर्षं लागून तिने गल्लीतले दिवे मंजूर करून घेतले होते. ते अजून लागायचे होते.

“म्हणजे माझं ऐकलं की नाही ऐकलं?”

“कागदावर तरी... ऐकलंय,” तो चाचरत म्हणाला.

“मी हे मागितलं होतं का?”

“नाही. पण जे मागितलंस, ते दिलंय.”

“मग मी भांडू कुणाशी आता?”

ताईने यंत्र कापडाने झाकलं आणि दिव्यांच्या अर्जाची फाईल पिशवीत टाकली.

“आठातली नगरसेविका राहते कुठे?”

त्याने आठ नंबरची प्रत्येक गल्ली स्वतःच्या हाताने काढली होती. ताई सोडली तर तिथे राहणारं एकही माणूस त्याला ठाऊक नव्हतं.

“विचारावं लागेल,” तो म्हणाला आणि चपला शोधू लागला.